खोक्यातली सायकल

आमचे हे पंचवीस वर्षं मस्कतला होते. त्यामुळे त्यांना दोन गोष्टी पक्क्या जमतात : डंपर चालवणं आणि खोकं बांधणं. सुट्टीवर येताना दूधपावडर, साबण, ब्लँकेटं असं काय काय ते खोक्यात ठासून आणायचे. त्याला चिकटपट्टी, पट्टीवर पिवळी दोरी, दोरीला दुहेरी गाठ आणि वर जाड मार्करने नाव : गनी, महाड. उघडताना माझी नखं तुटायची.

यंदा थंडीत यांचा मस्कतचा खोलीतला दोस्त ललित बायकोला घेऊन श्रीलंकेहून आमच्याकडे राहायला आला. निरोशा तिचं नाव. नवरे एका खोलीत राहिले, पण खरी दोस्ती आम्हा बायकांची. आधी नवऱ्यांच्या फोनवर एकमेकींना बघून हसायचो, मग त्यांना बाजूला सारून आम्हीच एकमेकींना फोन करायला लागलो. तिचं हिंदी मालिका बघून शिकलेलं, माझं महाडच्या बाजारातलं. तरी सगळं कळायचं. नवरा लांब असला म्हणजे काय काय गिळावं लागतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी निरोशा म्हणाली, "बिल्किस, मला सायकल घ्यायची आहे. दुकानात चल."

"सायकल?" हे म्हणाले. "काजू घ्या, कोकम घ्या. श्रीलंकेत सायकली मिळत नाय काय?"

मी यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पाहुण्यांना काय हवं ते पाहुण्यांनी ठरवायचं.

पेठेतल्या राजेशच्या दुकानात आम्ही चौघं गेलो. राजेशने गिअरच्या सायकली पुढे केल्या. निरोशाने सगळ्या नाकारल्या. तिला मधला दांडा खाली असलेली, पुढे टोपली नि मागे कॅरिअर असलेली साधी सायकल हवी होती. आमचे हे बैल घ्यायला आल्यासारखे टायर दाबत, सीटवर थापा मारत फिरत होते. शेवटी एक हिरवी सायकल तिला पसंत पडली.

"तू बसून बघ," ती मला म्हणाली. "आपली उंची एकच."

हे राजेशशी घंटीच्या आवाजावरून वाद घालत होते. मी बसले. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. हँडल हातात आलं आणि मला एकदम नाते गावचा रस्ता आठवला. माझं माहेर तिथलं. शाळेत असताना महादूकडची भाड्याची सायकल घेऊन मी रायगडच्या दिशेने सुटायचे. उताराला हात सोडून चालवायचे, आणि पोरं तोंडात बोटं घालायची. लग्न ठरलं आणि सायकल सुटली. कोणी ओरडलं नाही की मारलं नाही. घरातली सून सायकलवर कशी बसणार, हे कोणाला सांगावंच लागलं नाही.

"काय गो, तू काय करतंस?" यांनी विचारलं.

"निरोशाचं माप बघतेय," म्हणून मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी आमचा मुलगा मुजम्मिल पाहुण्यांना रायगड दाखवायला घेऊन गेला. हिरकणीवाडीहून रोपवेने वर जाऊन ते परत येईपर्यंत यांनी आपली कला दाखवली. परदेशी परतणाऱ्या माणसाने वस्तू घेतली, म्हणजे ती खोक्यातूनच जाणार, याबद्दल यांच्या मनात शंकाच नव्हती. चाकं काढली, हँडल फिरवलं, पायडल सोडले, सगळ्याला जुनी चादर गुंडाळली. राजेशकडून मोठं खोकं आणलं. पट्टी, पिवळी दोरी, दुहेरी गाठ. वर मार्करने ललितचं नाव आणि गाव. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा हे खोक्याशेजारी असे उभे होते, की ललित नि निरोशा नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगणार?

निघायच्या सकाळी मी कपाटातून हिरव्या कापडाच्या पट्ट्या काढल्या. आमच्यात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला इमाम-जामीन बांधतात. कापडात एक नाणं गुंडाळायचं आणि दुवा मागून बांधायचं. माणूस सुखरूप पोचला की सोडायचं, नाणं गरजवंताला द्यायचं. यांना दर खेपेला मी बांधलाय. बांधायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहायचं. निरोशाला बांधला, ललितला बांधला. मुजम्मिलने खोकं गाडीच्या टपावर चढवायला धरलं, तर निरोशा सरळ जाऊन त्याच्यावर बसली.

"हे नाही जाणार," ती म्हणाली. "सायकल बिल्किसची आहे. तिच्यासाठीच घेतली."

हे हसले. "बिल्किसला सायकल कुठं येते?"

"येते. नाते गावच्या रस्त्यावर हात सोडून चालवायची ती. मला फोनवर सांगितलंय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

गाडी गेल्यावर हे म्हणाले, "तू मला कधी बोलली नायस."

"तुम्ही विचारलंत कधी?" मीही तडकले. "दोन महिन्यांची सुट्टी. त्यात पाहुणे, दावती, पोराची शाळा. माझा नंबर लागायच्या आत तुमची बॅग भरायची वेळ यायची."

"पण आता या वयात? पडलीस म्हणजे? मोहल्ला हसंल."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. राग आला होता, लाजही वाटत होती. पण खरं सांगायचं तर ती सायकल मला हवी होती. आजवर यांनी आणलेल्या कुठल्याच खोक्यातलं काही मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

खोकं बाहेरच्या खोलीत राहिलं. हे त्याला वळसा घालून जायचे, मी त्याच्यावरची धूळ पुसायचे. मग हे त्याच्यावर चहाचा कप ठेवायला लागले, तेव्हा मी मनातून आशा सोडली.

शुक्रवारी हे नमाजहून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि खोक्याची दोरी कापली. मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होते. चाकं बसवली. हँडल आधी उलटं बसलं, मग स्वतःवरच वैतागत सुलटं केलं. ब्रेक दाबून बघितले, चेनला तेल दिलं. मग सायकल अंगणात आणून उभी केली.

"कुठवर जाशील?"

"तळ्याला एक चक्कर मारून येते."

"बरं. नाते लांब हाय. तिथं मग जा." मी सायकलला हात लावला, तर म्हणाले, "थांब."

हे आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात हिरवी पट्टी होती.

"अहो, तळं तर पलीकडंच हाय. तेवढ्यासाठी कोण बांधतं?"

"हात पुढं कर."

इतकी वर्षं दंड पुढे केलेला माणूस, बांधणं त्यांना कुठे येणार? नाणं दोनदा खाली पडलं. ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटले आणि माझ्या दंडाला खोक्याची दुहेरी गाठ मारली.

"घट्ट झाली," मी म्हणाले.

"होऊ दे. मधेच सुटायला नको."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी निरोप देत होतं. पहिल्या दोन पायडलला सायकल डुगडुगली, मग पायांना आठवलं. शेजारची उज्वला गॅलरीतून ओरडली, "बिल्किसभाभी, सांभाळून!" ती हसतही होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. वळणावर मान वळवून पाहिलं. हे दारात उभे होते, मी उभी राहायचे अगदी त्याच जागी, तसाच चौकटीला हात टेकवून. त्यांना हात करावासा वाटला, पण हात सोडायची सवय आता राहिली नव्हती. म्हणून घंटी वाजवली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत वाजवत राहिले.