खदानीतलं कुकू

मंगळवार उजाडला. हिमानीनं अंगण सारवलं, संत्रा तोडायला आलेल्या बायांसाठी चहाचं भगोणं चढवलं, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सासूबाई परतल्या होत्या. केसरबाईंच्या हातात पितळी लोटा होता, त्यावर लाल फडकं.

लोट्यातलं पाणी मोहगावच्या वाटेवरल्या बंद पडलेल्या मँगनीजच्या खदानीतलं. खड्ड्याच्या एका कपारीतून बारा महिने पाझर सुटतो आणि त्यावर गंजाच्या रंगाची जाड साय धरते. बोटानं उचलली की शेंबडासारखी लोंबते. वास असा, की गंजक्या खिळ्यांत काहीतरी कुजलंय! या लगद्याला गावानं 'देवीचं कुकू' म्हणायचं, आणि गरोदर सुनेनं दर मंगळवारी अनशापोटी ते प्यायचं. का, तर मुलगा होतो. शी! आणि हे सांगणारे शहाणे स्वतः फिल्टरचं पाणी पितात.

हिमानीचा गर्भ याआधी दोनदा पडला होता. दोन्ही वेळा ती हे पाणी प्याली होती आणि भडाभडा ओकली होती. ओकली म्हणून देवी कोपली, असा घरानं निकाल दिला. गर्भ कशानं पडला, हे डॉक्टरला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. आता तिला चौथा महिना होता. हे लेकरू जगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"काहून थांबली वो? डोये मीट अन् गटकन पे," केसरबाई म्हणाल्या.

"आई, थांब!" मृणाल दात घासता घासता धावत बाहेर आली. ही हिमानीची नणंद. नागपूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायची, कालच सुटीवर आली होती. "तू अजून हे पाजून राहिली वैनीले?"

"मले काय शिकवतं? तूच तं दिवाईत बाटल्या भरभरून नेल्या. चपला काढून उतरली होती खदानीत, साऱ्या गावानं पाह्यलं. कॉलेजात त्याचं औषध बनवून राहिले म्हनते लोकं. तवापासून तं बोरगावच्याही बाया येतात आता."

मृणालच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तिनं अभ्यासासाठी नमुने नेले आणि गावानं त्यातून देवीचा पुरावा काढला! कपाळ बडवावं की हसावं, तिला कळेना.

"अवो आई, लोकं वरून ओरडले म्हनून चपला काढल्या म्या. हातात रबरी मोजे होते, ते नाई दिसले कोनाले? ती साय म्हंजे जिवानूंची वस्ती आहे. जिथं गवताची काडी उगवत नाई, तिथं ते त्या लोखंडावर जगतात, मँगनीज झेलतात. त्याईले जमते ते. पोटातल्या लेकराले नाई जमत!"

"मोठी आली शिकेल! देवीले किडे म्हनतं?"

तेवढ्यात भूपेंद्र, हिमानीचा नवरा, खांद्यावरचा क्रेट उतरवून आत आला. आवाज वाढलेला त्याला मुळीच खपत नसे. "मृणाल, तू दोन दिवस येतं अन् घर नासवून जातं. घोटभर तं पेवाचं आहे. पेऊ दे न तिले, आईचं मन राहून जाते."

हिमानीनं नवऱ्याकडे पाहिलं. पाण्याची किळस तिला रोजचीच होती. आज तिला या माणसाची किळस आली. दोनदा तिला रक्तात पडलेलं पाहिलं यानं, आणि तरी याला आईचं मन राखायचं होतं!

तिनं सासूच्या हातून लोटा घेतला, फडकं काढलं आणि तो थेट भूपेंद्रच्या नाकाखाली धरला.

"लेकरू दोघाईचं आहे. आज तुमी प्या."

"काही काय बोलून राहिली?"

"प्या न. घोटभर तं पेवाचं आहे."

चहाला आलेल्या बाया ओट्याशी थबकल्या. बायांसमोर माघार कशी घ्यायची? भूपेंद्रनं हसत लोटा तोंडाशी नेला. काठावरून सायीची तार सुटली आणि त्याच्या मिशीवर लोंबली. वास नाकात शिरला मात्र, त्याला असा उमासा आला की डोळे पांढरे झाले.

केसरबाई झेपावल्या. त्यांनी लोटा हिसकला आणि पदरानं पोराचं तोंड पुसत हिमानीवर कडाडल्या, "येडी झाली का तू? माह्या पोराले असं घान पाजतं?"

बोलून चुकल्यावर केसरबाईंनाच ते ऐकू आलं असावं, कारण पुसणारा हात मध्येच थांबला. घाण आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक कुणाला नव्हतं?

"अन् मी कोनाची पोर हो, आई?" हिमानीनं विचारलं.

हिमानीनं सासूच्या हातून लोटा काढून घेतला, न्हाणीच्या मोरीत उपडा केला आणि चिकटून बसलेली साय खराट्यानं खरडून काढली. मग हात साबणानं धुतले, दोनदा धुतले.

"चाल मृणाल," ती पदर खोचत म्हणाली, "खदानीवर बाया जमल्या असतीन. आज त्याईच्या नवऱ्याईलेही बलावू. पयला घोट त्याईचा."