पुस्तकाच्या जागी उभा ठोकळा

मित्रांनो, शेल्फावर दोन पुस्तकांच्या मधोमध, जिथे तिसरे पुस्तक असायला हवे, तिथे मी उभा आहे. मी एक जुना लाकडी ठोकळा. मला पाने नाहीत. उघडायला गेलात तर नखाखाली फक्त रंगाचा पोपडा येईल. माझ्या कण्यावर एक चिठ्ठी डकवलेली होती : 'सायंटॉलॉजीची ओळख करून देणारे पुस्तक टेबलाशी मागावे.'

संशय माझ्या लाकडातच मुरलेला आहे. पूर्वी मी एका रुंद फळीचा तुकडा होतो. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर वादळाची वर्दी आली की लोक खिडक्यांवर फळ्या ठोकतात. वाचनालयाच्या समुद्राकडच्या खिडकीवर आमची फळी असे. जे बाहेरून येते ते फोडायलाच येते, हा धडा मी वाऱ्याकडून शिकलो. काचेमागे कोण बसले होते, हे मला कधी दिसले नाही. माझी त्यांच्याकडे नेहमी पाठच होती.

मग एका वादळात फळी उभी चिरली, आणि ऑरिन सुताराने त्या पुस्तकाच्या मापाचा तुकडा कापून मला घडवले.

त्या पुस्तकाची कथा आधी सांगायला हवी. सायंटॉलॉजी हा एक नवा, वादात सापडलेला धर्म, आणि आमच्या गावात त्याची माणसे पुष्कळ आहेत. पांढरा सदरा आणि गडद निळी पँट घातलेली माणसे सकाळी बसमधून उतरतात, तेव्हा उरलेले गाव कॉफीच्या कपाआडून त्यांच्याकडे पाहते. आणि त्यांनाही ते पाहणे ठाऊक असते. एका प्राध्यापकाने लिहिलेल्या त्या पुस्तकात दोन्ही बाजू होत्या : ते लोक काय मानतात, त्यांना त्यातून काय मिळते, सोडून गेलेले कोणते आरोप करतात, आणि संस्था त्यांना काय उत्तर देते. म्हणूनच कदाचित ते कुणालाच सोसवले नाही. पहिली प्रत नाहीशी झाली. दुसरीच्या समासात कुणी लिहिले, 'साफ खोटे'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात उमटले, 'खोटा तू'. मग पाने फाटू लागली. गाव म्हणे, ते लोक फाडतात. ते लोक म्हणत, गाव फाडते. कोण फाडत होते, ते कधीच कळले नाही.

तेव्हा ग्रंथपाल प्रूइटबाईंनी नवी प्रत आपल्या टेबलाच्या कपाटात ठेवली आणि तिच्या जागी मला उभे केले. मी पहारेकरी झालो. प्रत्येक हाताकडे मी संशयाने पाहू लागलो. ही बोटे फाडणारी आहेत की लपवणारी? हात येत, चिठ्ठी वाचत आणि मागे फिरत. मला वाटे, पाहा, चोर पळाला.

प्रूइटबाईंनी आयुष्यभर शाळेत गाणे शिकवले होते, आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज त्यांनी निवृत्त होताना परत केला नव्हता. एकदा एका गृहस्थाने टेबलाशी वाकून काही तरी पुटपुटले.

"सायंटॉलॉजीचं होय?" बाई म्हणाल्या. "कशासाठी हवंय?"

वाचनकक्षातली सारी वर्तमानपत्रे एकदम खाली आली.

"नाही, नाही," गृहस्थ म्हणाले, "मासेमारीचं."

ते मासेमारीचे पुस्तक घेऊन गेले. माझ्यावर धूळ बसत राहिली. धूळ हीच माझी शाबासकी, असे मी समजत होतो.

आणि एके दिवशी विल्मा हॅस्केट आपल्या धाकट्या भावाला, अर्लला, घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने शाळेची बस चालवण्यात उमर घालवली होती. बोलतानाही ती मान वळवून मागे पाहून घेई.

"टेबलाशी मागायचं?" अर्ल कुजबुजला. "मग माग की! उद्या तुझ्या दारात निळ्या पँटींची रांग लागेल. फुलं घेऊन!"

"तू गप्प बस."

"अगं, मी त्यांच्याविरुद्धचे एवढे कागद छापून आणून दिले, ते वाच ना."

"तुझे कागद वाचूनच मी ब्रेन्नाच्या ताटावर ते सगळं ओकले. पोटची पोर अर्ध्या जेवणातून उठून गेली, अर्ल."

"आणि तिने दिलेली तिच्या धर्माची पुस्तकं?"

"लिंबू न पिळलेल्या 'लाइम पाय' मिठाईसारखी. नुसती साखर." विल्माने माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवले. "आता तिने शनिवारी बोलावलंय. म्हणाली, आई, हे शेवटचं. मी कशात आहे ते माहीत करून घे आणि मग बोल. नाहीतर येऊच नकोस."

अर्लची थट्टा जिरली. मग त्याने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. "हळू बोल. तो बघ, पांढरा सदरा. पेलिकन पक्ष्यांचं पुस्तक उघडून बसलाय आणि केव्हाचं पानच उलटत नाहीये."

खरेच, तो तरुण आमच्याच दिशेने पाहत होता. मी त्याला ओळखत होतो. अनेकदा तो माझ्यासमोर येऊन उभा राही आणि हात न लावता निघून जाई. सगळ्यांत जास्त संशय मी त्याच्यावरच धरला होता. ती दोघे रिकाम्या हातांनी परत गेली.

दुसऱ्या दिवशी विल्मा एकटीच आली. तरुण खिडकीशी होताच. तिने टेबलाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि अचानक मला शेल्फावरून ओढून छातीशी धरले. इतक्या वर्षांत मला कुणी उचलले नव्हते. चोर! मी लाकडाच्या साऱ्या गाठींतून ओरडलो. पण ती दाराकडे वळलीच नाही. तिच्या बरगड्यांमागे एक भेदरलेले धडधडणे होते. वादळात काचेमागूनही असेच काही तरी मला जाणवत असे, आणि मी ते वाऱ्याचे समजत असे.

तिने मला टेबलावर, चिठ्ठी वर करून ठेवले. बोलली काहीच नाही. प्रूइटबाईंनी तोंड उघडले. तिचे बोट चिठ्ठीवर होते आणि नजर खिडकीशी बसलेल्या तरुणावर. बाईंनी तोंड मिटले, कपाट उघडले, आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "शनिवारच्या आत होईल वाचून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काल तुम्ही शेल्फापाशी बोलत होतात. आवाज माझा मोठा आहे, पण कानही तिखट आहेत."

तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणाले, "मॅम." तोच तरुण. विल्माने पुस्तक छातीशी गच्च धरले.

"तुमच्यानंतर मला मिळेल का?" तो म्हणाला. "परका माणूस आमच्याबद्दल काय लिहितो, ते मलाही बघायचंय."

"मग इतके दिवस मागितलं का नाही?"

त्याने प्रूइटबाईंकडे चोरटा कटाक्ष टाकला. "ह्यांचा आवाज ऐकलात ना?"

विल्मा हसली. प्रूइटबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ ओढले. मग त्यांनी माझी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली : 'हा ठोकळा टेबलाशी आणून द्यावा. बोलण्याची गरज नाही.'

शनिवार उलटल्यावर विल्मा पुस्तक परत करायला आली. पाने सगळी शाबूत होती.

"काय झालं?" प्रूइटबाईंनी विचारले. अख्ख्या कक्षाने ऐकले.

विल्माने या वेळी मागे वळून पाहिले नाही. "भांडलो," ती म्हणाली. "चांगलं कडाक्याचं. पण खरंच असलेल्या गोष्टींवरून भांडलो. मला काही पटलं नाही, तिचं काही सुटलं नाही. पण ताट संपेपर्यंत बसली. पुढच्या शनिवारी मासे करणार आहे म्हणाली."

मित्रांनो, मी अजूनही संशयी आहे. ज्या घराला दोन बाजूंचे ओरडणे ऐकू येते, त्याने संशयी असावेच. गोड पुस्तकाला विचारा, तुझे लिंबू कुठे आहे. कडू कागदाला विचारा, तुला हे कुणी सांगितले. पण विचारणाऱ्या हातावर संशय धरू नका, आणि त्याला साऱ्या गावासमोर उभे करू नका. हल्ली माझ्या कडांचा रंग लोकांच्या अंगठ्यांनी झिजतो आहे. तो पुन्हा लावू नका. वादळात खिडकीवर फळी ठोकावीच लागते. वारा पडल्यावर ती काढायला मात्र विसरू नका. काचेमागे कुणी तरी बसलेले असते.