अग्रहाराचे लुकलुकस्वामी

अग्रहाराच्या जुन्या वस्तीत गर्दी म्हणजे काय गर्दी! रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी नवा दिव्याचा खांब, त्याला टेकून उंच चौरंगावर लुकलुकस्वामी. कुणी वाकून नारळ ठेवला की स्वामी डोकं मागे टाकायचे, "ॐ ज्योती!" म्हणून गरजायचे, आणि खांबावरचे पिवळे दिवे लुकलुक लुकलुक! बस थांबे, रिक्षा थांबे, भक्त ऐटीत पलीकडे.

"आमचं मंतरलेलं लिंबू जवळ ठेवा," स्वामी सांगत. "मग डोळे मिटून कुठेही चाला. इंजिनं जागच्या जागी थंड!"

ऐकून गिरिजाबाईंच्या अंगाचा तिळपापड होई. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, आणि त्यांच्याच थोरल्या जाऊबाईंच्या, भागीरथीबाईंच्या, पदराला ते लिंबू! आधीच मोतीबिंदू, त्यात काल जाऊबाई पट्ट्या सोडून भलत्याच जागी डोळे मिटून रस्त्यात उतरल्या. बस वीतभर अंतरावर करकचून थांबली.

"पाहिलंस? लिंबानं थांबवली!"

"लिंबानं नव्हे, अक्का, ड्रायव्हरनं! उद्या त्याला ब्रेक दाबायला उशीर झाला तर मी भांडू कुणाशी?" गिरिजाबाई ओरडल्या.

"सुम्मने, उगाच ओरडू नकोस," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई अक्कांना घेऊन तरातरा खांबापाशी गेल्या. स्वामी नुकतेच कॉफी प्यायला उठले होते. तेवढ्यात एक गाय आली. आयुधपूजेला गल्लीनं स्कूटर पुजल्या, मिक्सर पुजले, त्याच भरात हा खांबही पुजला होता. झेंडूचे ते सुकलेले हार अजून तिथेच. गाईनं हारात तोंड खुपसलं, नाकानं खांबाला ढुशी दिली, आणि दिवे लुकलुकले!

"अय्यो! गोमातेलाही सिद्धी!" कोपऱ्यावरचे दुकानदार तिरुमलराव हात जोडून उभे.

"ॐ न म्हणता?" गिरिजाबाईंनी उरलेले हार ओढून काढले. कुंकवाच्या थराखाली चांगलं लिंबाएवढं बटण! कॉफी पिऊन परतलेल्या स्वामींना त्या म्हणाल्या, "स्वामी, डोकं मागे का टाकता ते कळलं. आता इथं पुढे उभे राहून लावा बघू दिवे!"

"आज ज्योतीचं मौन आहे," म्हणत स्वामींनी चौरंग काखेत मारला आणि धूम ठोकली. नारळ तिथेच राहिले.

"चालणाऱ्यानं हे दाबायचं," गिरिजाबाई गर्दीला म्हणाल्या. "दिवे गाडीवाल्याला सांगतात, माणूस उतरतंय, थांब. आपणच बटण हारांखाली पुरलं आणि वर बुवा बसवला!"

अक्कांनी हौसेनं बटण दाबलं. दिवे लागले. त्यांनी पाऊल उचललं, तोच गिरिजाबाईंनी दंड धरून मागे ओढलं. एक स्कूटरवाला फोनवर बोलत भुर्रकन समोरून गेला.

अक्कांनी दिव्यांकडे बोट दाखवलं. "अगं, दिवे तर लागले होते!"

"लागले होते. तो बघत नव्हता. दिवा सांगतो, अक्का, धरून ठेवत नाही. गाडी खरंच थांबली का, ते आपणच बघायचं. बटणालाही देव करू नका हो!"

अक्कांनी पदराची गाठ सोडून लिंबू गाईपुढे धरलं. गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

"हिला कळलं, मला नाही," अक्का पुटपुटल्या. मग पुन्हा बटण दाबून त्यांनी अधू डोळे ताणले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"बस थांबलीय. रिक्षाही थांबलीय. चल आता."