जून की ऑगस्ट

चंद्रहासने लॅपटॉप सावनीच्या पुढ्यातून स्वतःकडे ओढला आणि तिने बुकिंगमध्ये घातलेला ऑगस्ट काढून पुन्हा जून घातला.

“बाबा, प्लीज. हे आपण परवाच डिस्कस केलं ना?”

“केलं. आणि जून ठरला.”

“तू ठरवला.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला श्यामला भेंडी पुसून ठेवत होती. ती मध्ये पडली नाही. अलास्काची ही सहल गेले दोन महिने मस्कतमधल्या कुरुमच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरच मुक्कामाला होती. दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदरातून जहाज सुटणार होतं आणि आठवड्याने व्हँकुव्हरला पोचणार होतं. जहाजाआधीचे दहा दिवस मात्र स्वतः गाडी चालवायची, हा चंद्रहासचा हट्ट. अँकरेजला उतरायचं, तिथून वर डेनाली, आणखी वर फेअरबँक्स, आणि फिरून खाली बंदरापर्यंत. जहाजवाल्यांची बस होती, पण बसच्या काचेतून जंगल बघायचं तर घरी टीव्ही काय वाईट, असं तो म्हणे.

इथवर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं होतं ते महिन्यावर. सावनीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि सप्टेंबरमध्ये तिचं कॉलेज सुरू होणार होतं, तेही व्हँकुव्हरलाच. ऑगस्टच्या मध्यावर गेलं तर जहाजातून उतरून तिला तिथेच पोचवता येणार होतं. शिवाय तेव्हा फेअरबँक्सला रात्रीच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलताना दिसतात. सावनीला ते बघायचे होते. जूनमध्ये ते दिसत नाहीत, कारण तिकडे तेव्हा अंधारच पडत नाही.

“जूनमध्ये रस्ते चांगले असतात,” चंद्रहास म्हणाला.

“ऑगस्टमध्ये काय वाहून जातात?” सावनीने विचारलं.

त्याने लॅपटॉप मिटला. “शुक्रवारी निझव्याला जाऊ. अलास्कात मैलोन् मैल पंप नसतो, माणूस नसतो. टायर बदलता आला पाहिजे तुला.”

चंद्रहास पाइपलाइनचा इन्स्पेक्शन इंजिनियर. वाळवंटातल्या साइटवर जाऊन येऊन त्याची पंचवीस वर्षं स्टीअरिंगमागे गेली होती. लग्नानंतर श्यामला मस्कतला आली तेव्हा विमानतळावरून घरी येताना तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला होता, तोही गाडीत बसल्यावरच. घरात बसला की गप्प असे.

शुक्रवारी दुपारी निझव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका मोकळ्या माळावर त्याने गाडी उभी केली. सावनीने जॅक लावला. तीन नट निघाले, चौथा निघेना. तिने पान्यावर पाय देऊन उभं राहून पाहिलं, तेलाचे थेंब सोडून पाहिलं. एरवी असल्या कामात चंद्रहासला वेळेचं भान नसे. आज तो सारखा पश्चिमेकडे बघत होता.

“सोड, मी करतो. बाजूला हो.”

“नको, मला जमेल.”

“सावनी, बाजूला हो म्हटलं ना!”

ती बाजूला झाली. पाना तिने वाळूत टाकला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. नट निघाला, चाक बसलं, तोवर ऊन डोंगरामागे गेलं होतं.

महामार्गावर आल्यावर श्यामलाच्या लक्षात आलं की गाडी एका टँकरच्या मागेमागे चालली आहे. चंद्रहास कधी टँकरच्या मागे राहत नसे. ओव्हरटेकची डावी लेन रिकामी होती. तो त्या दोन लाल दिव्यांवर नजर रोवून, पुढे वाकून बसला होता. मग टँकर फाट्याने बाहेर पडला आणि समोर नुसता काळोख उरला. थोड्या वेळाने चाकांखाली कडेच्या पट्ट्यांचा खर्रकन आवाज झाला. मागच्या गाडीने लांबलचक हॉर्न दिला.

पुढच्या पंपावर तो आत वळला आणि कोपऱ्यात, दिव्यांपासून दूर गाडी लावली.

“करक चहा घेऊ,” म्हणाला.

त्याने हॉर्न दिला तसा चहावाला कागदी पेले घेऊन खिडकीशी आला. चंद्रहासने हात बाहेर काढला. तो पेल्याच्या अलीकडेच थांबला आणि हवेत चाचपडला.

“इधर, सर,” चहावाला म्हणाला, आणि पेला त्याच्या बोटांना लावून दिला.

श्यामलाने आपला चहा संपवला. घाई केली नाही.

“कंबर धरली का तुमची?”

“हो. धरल्यासारखी झालीय.”

“मग मी घेते गाडी.”

“आई, हायवेवर?” सावनीने फोनमधून मान वर केली. श्यामलाकडे लायसन्स होतं, पण तिची मजल कुरुमची दुकानं आणि सावनीची शाळा एवढीच.

चंद्रहास उतरला आणि बॉनेटला वळसा घालून पलीकडे आला. सबंध वेळ त्याचा तळवा गाडीच्या पत्र्यावर होता.

श्यामलाने उजवी लेन धरली आणि सोडली नाही. तळवे घामेजले होते, ते ती आळीपाळीने ओढणीला पुसत होती. जरा हात बसल्यावर तिला एकेक आठवू लागलं. मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला रात्री जायचं त्याने बंद केलं होतं, तिथे हल्ली नुसतं राजकारण चालतं म्हणून. साइटवरून संध्याकाळी निघायचं सोडून तो तिथेच मुक्काम करून सकाळी येत होता. जेवायला बाहेर जायचं तर हल्ली दुपारचं. रस्त्याकडेचे दिवे मागे पडत होते आणि श्यामलाला जून महिना कळला.

सकाळी सावनी उठायच्या आत ती बाल्कनीत गेली. तो चहा घेत बसला होता.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

कसलं, असं त्याने विचारलं नाही. “जानेवारीत. दिवसा काही प्रश्न नाही. अंधारात कमी दिसतं. आणखी कमी होत जाणार म्हणाले.”

“आणि ऑफिसात?”

“सांगितलं, तर साइटची गाडी जाईल.” त्याने कप खाली ठेवला. “सावनी एकदा गेली की गेली, श्यामल. त्याआधी तिला एकदा लांब न्यायचं होतं. मी चालवत. जूनमध्ये तिकडे रात्री अकरालाही लख्ख असतं.”

“काल मागे ती बसली होती.”

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

“दिवसा तुम्ही चालवा. तेही डॉक्टर हो म्हणाले तर,” श्यामला म्हणाली. “दिवस कलला की मी. आणि ऑफिसात उद्याच सांगा.”

“तुला जमणार नाही तिकडे. मूस येतात रस्त्यावर, घोड्याएवढे.”

“इथे उंट येतात.”

जेवताना त्याने स्वतःच विषय काढला. वरणाची वाटी पुढे सरकवत सावनीला म्हणाला, “ऑगस्ट टाक.”

“खरंच? का?”

“संध्याकाळनंतर आई चालवेल. मला अंधारात नीट दिसत नाही.”

“सिन्स व्हेन?”

“झाले काही महिने.”

सावनीचा हात ताटातच राहिला. “म्हणजे काल तो टायर... मला वाटलं, तू माझ्यावर चिडला.”

“तुझ्यावर नाही, बाळा.”

ती उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. खरकटा हात वर धरून, डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत तिने गाडीच्या बुकिंगमध्ये दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घातलं. मग आईला तिची जन्मतारीख विचारली.

रविवारी, तिथला आठवडा सुरू होताच, चंद्रहासने ऑफिसात सांगितलं. साइटची गाडी गेली. महिनाअखेरीपासून त्याला मस्कतच्या ऑफिसात टेबल मिळणार होतं. घरी येऊन एवढंच सांगितलं आणि तो लवकर झोपला.

पुढच्या गुरुवारी श्यामलाने मुद्दाम सूर्य बुडता बुडता निझव्याकडे गाडी काढली. सावनी मागे, चंद्रहास शेजारी. शहर मागे पडेपर्यंत तो सूचना देत होता. आता उतार लागेल, पाय काढ. पुढे डावीकडे वळण आहे, लांबट. काहीच दिसत नसताना त्याचं एकही वळण चुकत नव्हतं. श्यामला हूं हूं करत ऐकत होती. मग पुढे एक रांगणारा ट्रक लागला. तिने आरसा पाहिला, दिवा दिला आणि कुणालाही न विचारता त्याच्या पुढे गेली.

त्यानंतर चंद्रहासच्या सूचना विरळ झाल्या. त्याने सीट मागे पाडली. मागे सावनीला झोप लागली होती.

“अजून किती राहिलं?” त्याने विचारलं.

बोर्ड जवळ आला तेव्हा श्यामलाने वाचून सांगितलं.