उन्हाळ्यातलं डिझेल

आमचा मेव्हणा रोसेंदो म्हणजे शुद्ध दगड. पठारावरच्या दुर्बिणीच्या जनरेटरमध्ये त्यानं गावातलं साधं डिझेल भरलं. का? तर म्हणे, "भाऊजी, फेब्रुवारी आहे, उन्हाळा चाललाय की!" अरे गाढवा, पाच हजार मीटरवर कसला आलाय उन्हाळा? आपल्याकडे पाऊस येतो तोच उन्हाळ्यात, आणि वर त्याचं बर्फ होतं. लामांचे कळपसुद्धा हे ओळखून आधीच खाली उतरतात.

मंगळवारी बर्फ आलं, डिझेल तुपासारखं थिजलं आणि जनरेटर बंद पडला.

आम्ही सगळे खाली सान पेद्रो गावातल्या कचेरीत, आणि आमच्या तरुण शास्त्रज्ञ मरियेलाचा कॅमेरा वर दुर्बिणीत. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब म्हणे अजून आभाळभर उरलीय. ती कुठं कणभर जास्त, कुठं कणभर कमी, ते हा कॅमेरा मोजतो. त्यासाठी त्याला स्वतःला त्या उबेहूनही गार राहावं लागतं. पोरीनं सहा वर्षं घातली त्याच्यापायी. तिला हवा होता आभाळाचा एकच तुकडा, कोरड्या हवेत, आणि हवा सबंध हंगाम दमट. महिनाअखेर दुर्बीण उतरवायची होती. कॅमेरा एकदा तापला की पुन्हा गार व्हायला तीन आठवडे. म्हणजे संपलंच.

बॅटरीवर फक्त मापकं चालू होती, गार ठेवणारं यंत्र बंद. पडद्यावर कॅमेऱ्याच्या तापमानाचा आकडा चढत होता.

"काका, चला ना वर," मरियेला म्हणाली.

थंडीत न थिजणाऱ्या डिझेलचे डबे गाडीत टाकून निघालो. नाक्यावर पोलिसानं अडवलं. मी ओरडलो, मग हातापाया पडलो.

"तुमची प्रेतं आणायला मी वर जाणार नाही," एवढंच तो बोलला. त्याचंही खरंच होतं, पुढचं वळणसुद्धा दिसत नव्हतं.

परत येऊन पडद्यासमोर बसलो. रोसेंदोनं तिच्यापुढं कोकाच्या पानांचा चहा ठेवला.

"ताई, मला शिव्या तरी द्या हो."

"त्यानं कॅमेरा गार होणार आहे का?" ती म्हणाली. दुपारपर्यंत कॅमेरा आंधळा झाला.

दुसऱ्या दिवशी बर्फ थांबलं. रस्ता बंदच होता. हवेतल्या ओलाव्याचा आकडा घसरत घसरत अगदी तळाला गेला. असं आभाळ हंगामात एकदाही मिळालं नव्हतं.

मरियेलानं घड्याळ पाहिलं. "काका, माझा तुकडा आत्ता बरोबर डोक्यावर आलाय."

मी मान वर केली. वर कचेरीचं छप्पर होतं.