एकशे सहावरचा राग

आमच्या घरात मला राग येत नाही. माझी शुगर कमी होते.

चार वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासून हा नियम आहे. तीन दिवस नळाला पाणी नाही म्हणून मी घरमालकाला झापायला लागले, की नवरा हळूच विचारतो, "शुगर बघू का?" लेकीने ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ओरडले, की तीच कार्टी ग्लुकोजचा डबा घेऊन हजर. एकदा तर भांडण ऐन रंगात आलेलं असताना घरमालकानेच मला लिमलेटची गोळी देऊ केली.

शुगर खाली गेली की माणूस चिडतो, हे खरं आहे. माझंही होतं. मागच्या महिन्यात मी आमची किल्ली शेजाऱ्यांच्या दाराला लावत उभी होते, आणि कुलूप कुणी बदललं म्हणून त्यांनाच शिव्या घालत होते. तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस होता. नवऱ्याने मला धरून घरी आणलं, ग्लुकोज पाजलं, आणि त्या दिवशी त्याच्या मनात जी भीती बसली ती काही उठेना. पण म्हणून काय माझा प्रत्येक राग साखरेच्या माथी मारायचा?

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. लांब टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर अंथरायचे, वर आखणीचा कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन रेषेवरून न्यायचं. हात एवढासा हलला की सत्तर बाह्या एकदम वाया. शिवाय बोटांचा भरवसा नाही तो वेगळाच. शिवणाऱ्या बायका मला मास्तरीण म्हणतात. मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

कारखान्यात माझं दुखणं कुणालाच माहीत नव्हतं. पण मशीन लावण्याआधी मी दरवेळी बोट टोचते आणि येईल तो आकडा खडूने टेबलाच्या कडेला लिहून ठेवते. शंभराच्या खाली असला तर आधी खाणं, मग मशीन. चार वर्षांत माझी एक बाही वाकडी गेलेली नाही.

आज जेवणाची घंटा झाली. मी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन टोचून घेतलं, येऊन डबा उघडला, तर सुपरवायझर समोर उभा.

"बाई, जेवण झालं की बटणांच्या टेबलावर बसा. मशीन नको."

"का?"

"तुमच्या मिस्टरांचा सकाळी फोन आला होता. तुमची शुगर खाली जाते म्हणे, लक्ष ठेवा म्हणाले. उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात यायचं."

बटणं! कालपरवा कामाला लागलेल्या पोरी निवडतात ती बटणं. मी डब्याचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि तडक बाहेर पडले. अर्ध्या तासाचा रस्ता कसा तुडवला ते माझं मला माहीत.

नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आमच्याच इमारतीत खाली आहे. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

"अहो, तुम्ही कारखान्यात फोन केलात?"

त्याने मान वर केली. "अगं, केवढा घाम आलाय तुला. शुगर..."

"शुगरचं नाव काढू नका! मला न विचारता फोन करायचा तुम्हाला काय अधिकार? माझं मशीन गेलं. मला बटणं निवडायला बसवलं!"

"बघून तर घेऊ एकदा."

"चालत आले म्हणून घाम आलाय. मला राग आलाय, राग! त्यावर औषध नाही!"

घड्याळाच्या पट्ट्यांच्या खणात तो ग्लुकोज ठेवतो. त्याने ते पाण्यात ढवळलं आणि ग्लास पुढे केला. मी तो असा ढकलला, की त्या उघड्या घड्याळाला आंघोळ झाली. "मला नकोत ती... ती..." मी म्हणाले आणि शब्दच सापडेना. "ती गोल गोल..." बटणं म्हणायचं होतं मला. हातातली पिशवी थडथड हलत होती. तेव्हा माझं मलाच कळलं. काय संताप झाला म्हणून सांगू! एवढ्या दिवसांत एकदा मी शंभर टक्के बरोबर होते, आणि नेमकी तेव्हाच मेली शुगर खाली गेली.

आकडा चौपन्न. इन्सुलिन पोटात आणि जेवण पिशवीत. रागाच्या भरात जेवण टाकून उठणं सगळ्या जगाला जमतं, मला ती चैन नाही.

दुसरा ग्लास मी निमूट प्यायले. आता पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. तो फडक्याने टेबल पुसत बसला. 'मी सांगत नव्हतो?' असं त्याच्या तोंडावर जरा जरी दिसलं असतं तर मी फडकंही हिसकावलं असतं. पण तसं काही दिसेना, त्याचाही मला रागच आला.

पंधरा मिनिटांनी बोट टोचलं. एकशे सहा.

"आता ऐका," मी म्हणाले, आणि मघाचंच सगळं पुन्हा म्हटलं. मला न विचारता फोन करायचा तुम्हाला काय अधिकार? माझं मशीन गेलं. मला बटणं निवडायला बसवलं. आवाज चढला नाही, हात हलला नाही, आणि त्याच्याकडे विचारायला काही उरलं नाही.

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "घाबरलो गं मी. झोपेत पण मला ते पातं दिसतं, आणि त्यात तुझा हात."

"मग मला सांगून घाबरा. माझ्या मागून नका घाबरू. मशीन लावण्याआधी मी दरवेळी बघते, टेबलावर आकडा लिहून ठेवते. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्याने आपणहून कारखान्यात फोन लावला, स्पीकर लावला आणि दुसऱ्या हाताने माझा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी जेवायला लागले.

"बरं झालं फोन केलात," पलीकडून सुपरवायझर म्हणाला. "बाई तणतणत निघून गेल्या. शुगर कमी झाली असणार."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "झाली होती. आता एकशे सहा आहे. राग आहे तेवढाच आहे, आणि तो बरोबर आहे. चूक माझी झाली. तुम्ही तिच्या टेबलाची कड बघा. मशीन लावण्याआधी ती दरवेळी शुगर तपासते आणि आकडा तिथे लिहिते."

चालल्याचा आवाज आला. मग सुपरवायझर म्हणाला, "एकशे बत्तीस, एकशे अठरा... हे होय? मी तर कापडाचे थर समजत होतो."

एकशे बत्तीस थर! ऐंशीच्या वर आमच्या मशीनचं पातं पोचत नाही, आणि हे सुपरवायझरला माहीत नाही! घास माझ्या तोंडातच राहिला. नवऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि नेहमीच्या प्रश्नासाठी त्याचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"ती अडीच वाजता येईल," तो फोनमध्ये म्हणाला. "तिचं मशीन मोकळं ठेवा."