नावातली माशी

मित्रांनो, मी एक लहानसा पक्षी आहे. वजन दोन चमचे साखरेएवढं, पाठ निळी, छाती नारिंगी. नाव माशीमार. याच नावानं यंदा माझं घर बुडवायला काढलं होतं.

अजिंठ्याच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या दगडी बांधाच्या भोकात माझा जन्म झाला. तिथंच मी फांदीवर टपून बसायला आणि डास-चिलटं हवेतल्या हवेत टिपायला शिकलो. गातोही बरा. स्वतःच्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

यंदा त्याच बांधात आमचं घरटं होतं. चार पिल्लं. बांधाचे मालक फकिरा. त्यांनी जवळच मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. उन्हानं माश्या कमी झाल्या, म्हणून ते काळजीत होते. अशात एक दिवस शहरातून करुणा मॅडम पक्षी बघायला आल्या. मला पाहून आनंदानं ओरडल्या, "अहो, हा तर माशीमार!" आणि दुर्बीण सावरत पुढं निघून गेल्या.

झालं! फकिरा आपल्या मधमाश्यांना दिवसभर 'माश्या'च म्हणत. "तरीच म्हणलं, माझ्या माश्या चालल्या कुठं!" त्यांनी ओढ्यातला चिखल उचलला आणि आमचं भोक लिंपून टाकलं. पिल्लं आत, आम्ही दोघं बाहेर. चोचीत चिलट धरून मी त्या चिखलाला धडका देत राहिलो. इतका घाबरलो की गाणंबिणं सगळं विसरलो.

माझ्या कारभारणीचा आरडाओरडा ऐकून फकिरांच्या आई, दगडाबाई, धावत आल्या.

"काय केलंस रं हे?"

"माशीमार हाय त्यो, आई. नावच तसं हाय!"

"त्याच्या चोचीत बघ की, चिलट हाय! रोज बघते मी, तुझ्या पेटीकडं ढुंकूनबी बघत नाय. आन् नावाचं म्हणशील, तर मी दगडाबाई, मी काय दगड हाय? तुझं नाव फकिरा ठेवलं, झोळी घेऊन दारोदार फिरतोस व्हय?"

फकिरांनी खाली मान घालून बोटानं चिखल उकरला. आत चार चोची एकदम उघडल्या.

"लई भुकेजलीत गं," ते हळूच म्हणाले आणि बाजूला सरकले.

मित्रांनो, आमची नावं तुम्हीच ठेवता, आम्हाला कुणी विचारत नाही. तेवढं माफ. पण कुणाचं दार लिंपण्याआधी जरा थांबा, त्याच्या चोचीत काय आहे ते बघा. बरं, तीन पिल्लांचं खाऊन झालंय, चौथं अजून ओरडतंय. मला निघायला हवं.